आत म्हणजे नक्की कुठे?

घरातले लोक मला जुना पंप म्हणतात. मी स्वतःला मुरलेला पंप म्हणतो. मित्रांनो, मी आकाराने एखाद्या बऱ्यापैकी भोपळ्याएवढा आहे. अंगावर हिरवा रंग, पाठीवर जाळीचं टोपण आणि पोटात एक गरगरणारं चक्र. अंघोळीच्या शॉवरला जोर देणं हे माझं काम. आमच्या घराची टाकी न्हाणीघरापेक्षा जेमतेम हातभर उंच आहे. त्यामुळे माझ्याशिवाय शॉवर सोडला तर जे पाणी येतं, त्याहून जास्त पाणी सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून येतं. मी मध्ये उभा राहतो आणि त्या आळशी पाण्याला मागून ढकलतो.

मला तोंडं दोन. समोरच्या तोंडाने मी टाकीतलं पाणी पितो आणि डोक्यावरच्या तोंडाने ते शॉवरकडे देतो. घशात लोहचुंबकाची एक लहानशी सोंगटी आहे. पाणी योग्य दिशेने वाहू लागलं की ती टुणकन वर उचलली जाते आणि मोटरला उठवते. कुणाला बटण दाबावं लागत नाही. नळ सोडला की मी उठतो, नळ बंद केला की झोपतो. इतकी आज्ञाधारक वस्तू या घरात दुसरी नाही.

तरुणपणी माझा जोर काय वर्णावा! कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तपासनीस टेबलाखाली गेला, तो जेवणाच्या सुट्टीतच बाहेर आला. या घरी आल्यावर एकदा साबणाची वडी माझ्या धारेत सापडली. ती खिडकीतून उडाली आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या शर्टाच्या खिशात जाऊन बसली. खोटं बोलत असेन तर माझी मोटर जळो. म्हणजे ती एकदा जळली होती, पण त्याचं कारण वेगळं होतं.

मला या घरात आणलं आजोबांनी. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. संध्याकाळी घरी यायचे ते कोपरापर्यंत निळे, कानाच्या पाळीपर्यंत पिवळे. त्यांची अंघोळ म्हणजे तासाभराचं काम होतं. दार लावून घ्यायचे, आणि आतून घासल्याचे, फुरफुरल्याचे आणि स्वतःशीच वाद घातल्याचे आवाज यायचे. त्या तासाभरात त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. दर महिन्याला ते माझी जाळी उघडून जुन्या दात घासायच्या ब्रशाने धुवायचे. "हं, आता श्वास घे," असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचे. ती थाप मला अजून आठवते.

गेल्या वर्षी आजोबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू ते काठी घेऊन चालू लागले, पण उजवा हात लोंबकळत राहिला आणि बोलणं अडलं. मनात अख्खं वाक्य तयार असायचं, बाहेर यायचा एखादाच शब्द. बाकीचे घशात अडकलेले. मला ते कळायचं. माझ्याही घशात कधीकधी हवा अडकते.

तेव्हापासून मुलगा त्यांना अंघोळ घालू लागला. मुलगा म्हणजे काही लहान नव्हे, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ. तो मग्ग्याने पाणी घालायचा आणि आजोबा स्टुलावर बसायचे. दोघंही समोरच्या भिंतीकडे असे बघत राहायचे, जणू तिथे बातम्या लागल्या आहेत.  न्हाणीघराचं दार उघडं असायचं. आजोबांची नजर मात्र त्या उघड्या दाराकडे वळली की चटकन परत फिरायची.

मग मुलाची बदली झाली. महिन्याभरानंतरच्या सोमवारपासून त्याला दुसऱ्या शहरात जायचं होतं, घरी यायचं ते फक्त सुट्टीला. आजोबांना अंघोळ घालायला एक परका माणूस ठेवायचं ठरलं. आजोबांनी ते ऐकलं आणि दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, न्हाणीघर नवं करून घेऊ. बसायला ओटा, धरायला दांडे, डाव्या हाताने फिरेल असा नळ, हातात धरायचा शॉवर. मी जायच्या आधीच्या शनिवारी तुम्ही एकट्याने अंघोळ करून दाखवलीत, तर माणूस नको. कबूल?"

आजोबांनी डावा हात पुढे केला. मुलाने तो धरला.

मित्रांनो, त्यानंतर तीन आठवडे काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी पोत्यात होतो. भिंतीवरून मला उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि चपलांच्या कपाटाखाली सारलं. वर ठोकाठोक, कापाकापी, धूळ. मी विचार करत पडलो होतो, की माझी पाळी संपली की काय. विचार करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेजारी एक जुना बूट होता, पण तो फारसा बोलका नव्हता.

शुक्रवारी मला बाहेर काढलं. न्हाणीघर ओळखू येईना. मला ठेवायला दाराबाहेर एक छोटं कपाट केलं होतं. समोरच आजोबांची खुर्ची. माझी जागा बदलली, भिंत बदलली, डावं-उजवं बदललं. नळकाम करणारा गृहस्थ प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'काटकोनात घेऊ' म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव काटकोन ठेवलं. त्याने मला उलटसुलट फिरवून पाहिलं. कारखान्यातून येताना माझ्या अंगावर दिशा दाखवणारा बाणाचा कागद होता, पण तो पहिल्याच वर्षी वाफेने गळून पडला होता. डोक्यावरच्या तोंडाशी मात्र निळ्या तैलरंगात दोन टपोरी अक्षरं होती : आत.

"वा!" काटकोन म्हणाला. "कोणीतरी शहाण्या माणसाने लिहून ठेवलंय. पाणी इथून आत."

आणि त्याने टाकीची नळी माझ्या डोक्यावर बसवली. शॉवरची नळी समोरच्या तोंडाला.

मला काहीतरी विचित्र वाटलं. डोक्यातून पाणी यायला लागलं आणि तोंडावाटे निघून जायला लागलं. माणसाने नाकाने जेवावं तसं. घशातली सोंगटी वर उचलली जायची सोडून खालीच दबून बसली. पण मित्रांनो, खरं सांगतो, मी गप्प राहिलो. मला वाटलं, तीन आठवडे पोत्यात पडून मीच विसरलो असेन. माझं पिण्याचं तोंड कुठलं? आधीपासून हेच तर नव्हतं? म्हाताऱ्या यंत्राने अशा बाबतीत स्वतःवर किती विश्वास ठेवावा?

शनिवारी सकाळी नळ सोडला. शॉवरमधून चार थेंब आले. पाचवा विचारात पडला.

"अहो, हे काय?" सून म्हणाली. "याच्यापेक्षा मी रडले तर जास्त पाणी येईल."

"जाळीत सिमेंट गेलं असणार, वहिनी," काटकोन म्हणाला. जाळी उघडली, धुतली, लावली. चार थेंब. "मग हवा अडकली असणार." त्याने माझा स्क्रू सैल केला, मी सुस्कारा सोडला, स्क्रू घट्ट केला. चार थेंब. "मग वायरिंग. माझं काम काटकोनात आहे."

वायरमन आला. तो खिशातून सतत टेस्टर काढायचा. माझा प्लग तपासला, कपाटाचं दार तपासलं, चुकून स्वतःचा चष्माही तपासला. "करंट फर्स्ट क्लास आहे, साहेब," तो मुलाला म्हणाला. "पाणीच नाही तर करंट काय करणार?"

"पाणी आहे, पंप उठत नाही!"

"पंप उठत नाही, कारण पाणी नाही!"

असं पंधरा मिनिटं चाललं. शेवटी सगळा दोष फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचा आहे यावर दोघांचं एकमत झालं, कारण तो तिथे नव्हता. ऐकून ऐकून माझं डोकं गरगरायला लागलं. तसं माझं पोट गरगरण्यासाठीच केलेलं आहे, पण वीज नसताना डोकं गरगरणं बरं नव्हे.

खुर्चीतून आजोबा हे सगळं बघत होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलावर घडी केलेले कपडे. सकाळी सातपासून ते तसेच तयार होऊन बसले होते.

"थांबा," वायरमन म्हणाला. "ती सोंगटी-बिंगटी बाजूला ठेवू. पंप डायरेक्ट चालू करतो."

शॉवर बादलीत टाकून ठेवला होता. थेंब थेंब करत बादली काठोकाठ भरली होती. त्याने दोन वायरी जोडल्या आणि मी जिवाच्या आकांताने सुरू झालो. पाणी कुठल्या बाजूला ढकलायचं हे पंप ठरवत नसतो. पोटातलं चक्र ठरवतं. माझ्या चक्राने शॉवरच्या नळीतून पाणी ओढलं आणि टाकीत वर फेकलं. शॉवर बादलीत तोंड खुपसून पाणी प्यायला लागला. घटाघटा! एका दमात बादली रिकामी! वर टाकीवरचं झाकण असं उडालं, की त्यावर बसलेला कावळा साबणाशिवाय धुऊन निघाला. खाली चौघं रिकाम्या बादलीभोवती उभे.

"पाणी कुठं गेलं?" मुलाने विचारलं.

काटकोनाने बादली उचलली, उजेडाकडे धरली, बुडाला बोट लावून पाहिलं. "गळकी दिसतेय."

"साहेब, बादली बदला," वायरमन म्हणाला.

तेवढ्यात आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी ती बादली पाहिली होती. त्यांचे डोळे मोठे झाले. डावा हात माझ्याकडे करून ते ओरडले, "उल... उलटी! उलटी!"

मित्रांनो, त्यांना 'नळी उलटी' म्हणायचं होतं. नळी घशात अडकली आणि उलटी तेवढी बाहेर आली.

"अगं बाई, बाबांना उलटी होतेय!" सून धावली. तीच गळकी ठरवलेली बादली तिने आजोबांच्या हनुवटीखाली धरली. मुलाने पाठीवरून हात फिरवला. काटकोन पाणी आणायला पळाला आणि नळ सोडून चार थेंबांची वाट बघत उभा राहिला. आजोबांनी बादली ढकलली. ती परत आली. पुन्हा ढकलली. पुन्हा आली.

"काढून टाका बाबा, बरं वाटेल," मुलगा म्हणाला.

आजोबांनी अशा काही नजरेने त्याच्याकडे पाहिलं, की मी मुलगा असतो तर घर सोडून गेलो असतो. मग काठी टेकत ते माझ्यापाशी आले आणि निळ्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "आत... आत... या..."

"बाबा, वायरी उघड्या आहेत! शॉक बसेल!" मुलाने आणि सुनेने त्यांना धरून परत खुर्चीत बसवलं आणि खाली पडलेले टॉवेल-कपडे पुन्हा मांडीवर ठेवले.

"आत्या म्हणाले का ते?" सुनेने विचारलं.

"तिला तर ते ताई म्हणतात."

"आपण म्हणतो म्हणून म्हणत असतील. अहो, पोटात ढवळतंय, माणसाला अशा वेळी बहीण आठवते. बोलवा त्यांना."

मुलाने आत्याला फोन केला. आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती येईपर्यंत आजोबांना उलटीची गोळी दिली. ती त्यांनी गिळली नाही. गालात धरून ठेवली आणि सुनेची पाठ फिरताच माझ्या कपाटात थुंकली.

काटकोनाने मग माझ्याकडे बघून मान हलवली. "साहेब, हा गेला. आतून संपलाय. नवा मागवावा लागेल, यायला महिना धरा."

मला तर आता काहीच कळेनासं झालं होतं. मी संपलो होतो? मग आत्ता बादली कोणी प्यायली? आणि मी प्यायलो असेन, तर का? मला कधीपासून असं व्यसन लागलं?

मुलगा खिडकीपाशी गेला. मग त्याने फोन काढला, खिडकीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हो, सोमवारी सकाळी सात वाजता या." पण खुर्ची खिडकीपासून चार पावलांवर होती. आजोबांनी मांडीवरचे घडी केलेले कपडे उचलले आणि बाजूला ठेवले.

तेव्हाच आत्या आली. आजोबांपेक्षा चार वर्षांनी मोठी, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. कानाचं यंत्र ती पर्समध्ये ठेवते. कानात घातलं की लोकांचं ऐकावं लागतं, असं तिचं म्हणणं.

"काय रे बाळ्या, काय नाटक लावलंस?" तिने आजोबांना विचारलं.

"आत्या, त्यांना उलटी होतेय," मुलगा मोठ्याने म्हणाला.

"सुट्टी होतेय? कुणाला?"

"उलटी! उलटी!"

"ओरडू नकोस, ऐकू येत नाही." ती भावासमोर स्टूल ओढून बसली आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आजोबांनी डावा हात वर केला. तळहात वर, तळहात खाली. वर, खाली. मग माझ्याकडे बोट. पुन्हा वर, खाली.

"ह्याला कसली उलटी?" आत्या म्हणाली. "मळमळणारा माणूस पोट धरतो. हा हात बघा, वहीचं पान उलटतात तसा करतोय. काहीतरी फिरवून लावा म्हणतोय तो. तुम्ही सगळे कानांनी ऐकता आणि डोळे काय फक्त चष्मा ठेवायला आहेत?"

काटकोनाला ते लागलं. "फिरवून कशाला लावू, आजी? हे बघा, इथं स्पष्ट लिहिलंय. आत."

ऐकू न आल्यामुळे आत्याने वाकून वाचलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे तर ह्याचंच अक्षर. बाकदार वेलांटी द्यायला मिळाली नाही की काना असा लांब ओढतो. बाळ्या, हे तू लिहिलंस?"

आजोबांनी मान डोलावली.

"आत म्हणजे कुठे? पंपाच्या आत?"

आजोबांनी मान जोरात नाही अशी हलवली. काठी उचलली आणि न्हाणीघराकडे दाखवली. मग स्वयंपाकघराकडे, मग सगळ्या घरावरून गोल फिरवली.

 वायरमनने टेस्टर खिशात ठेवला.

"या घराच्या आत," मुलगा म्हणाला. "इथून पाणी घरात जातं."

काटकोनाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या काटकोनातल्या नळ्यांकडे. "मग काका, 'घरात' असं लिहायचं ना!" तो कळवळून म्हणाला. "मी पंपवाला माणूस. मला आत म्हटलं की पंपाच्याच आत दिसतं."

आजोबा हसले. तोंडाच्या डाव्या बाजूने, पण पोट धरून. सुनेने सवयीने बादली पुढे केली आणि मग तीही हसायला लागली.

नळ्या बदलायला अर्धा तास गेला. वायरमनने माझी सोंगटी परत जागेवर जोडली. मुलाने नळ सोडला. टाकीतलं पाणी माझ्या समोरच्या तोंडात आलं. तेच थंड, ओळखीचं पाणी! घशातली सोंगटी उचलली गेली आणि मी उठलो. त्या पहिल्या धारेने नव्या फरशीचा रंग उडाला असता, पण मी जरा हात राखून घेतलं, म्हातारा माणूस अंघोळ करणार होता. काटकोनाने धारेखाली हात धरला आणि 'आई गं' म्हणाला.

आजोबांनी कपडे उचलून खांद्यावर टाकले. दाराशी गेले. मुलगा सवयीने मागून गेला. आजोबा थांबले, वळले आणि काठीचं टोक त्याच्या छातीला हळूच टेकवलं. मुलगा मागे सरकला. दार लागलं.

आम्ही सगळे बाहेर. मी धरून सहा जण, कारण दोन्ही कामकरी गृहस्थ निघून जायला तयार नव्हते. त्यातली आत्या एकटीच वर्तमानपत्र वाचत होती. आतून पाण्याचा आवाज आला. मग मी थांबलो, म्हणजे त्यांनी नळ बंद केला. शांतता. मुलाने दारावर हात ठेवला. "साबण लावत असतील," सून कुजबुजली. "एका हाताने पाठीला कसा लावतील?" तो म्हणाला. बराच वेळ गेला. मुलाने वाजवायला मूठ उचलली.

मी सुरू झालो. धो धो. आणि त्या आवाजातून घासल्याचा आवाज आला, फुरफुरल्याचा आवाज आला, आणि कोणाशी तरी वाद घातल्यासारखं पुटपुटणं आलं. शब्द एकही कळत नव्हता. मुलाने मूठ खाली घेतली आणि दाराशेजारी जमिनीवरच फतकल मारून बसला. मी त्या दिवशी पाऊण तास चाललो. टाकी अर्ध्यावर आली, माझं अंग तापलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

नळ बंद झाल्यावर सुनेच्या लक्षात आलं, की टॉवेल खुर्चीवरच राहिला आहे. तिने तो मुलाच्या हातात दिला. मुलगा उठला, दार उघडणार, तेवढ्यात दार आतूनच वीतभर उघडलं. फटीतून एक ओला डावा हात बाहेर आला. त्याने हवेत चाचपलं, टॉवेल धरला आणि आत गेला. दार पुन्हा लागलं.

मुलगा तसाच उभा राहिला. मग त्याने फोन काढला. या वेळी खिडकीकडे वळला नाही. "नमस्कार. सोमवारी येऊ नका. नाही नाही, तुमचं काही चुकलं नाही. आमच्याकडे गरज नाही."

मित्रांनो, मी थकलो आहे, आणि माझ्या गोष्टीतल्या साबणाच्या वडीवर तुमचा विश्वास बसला नसेल तर राहू द्या. पण एवढं मात्र ऐका. महिन्यातून एकदा आमची जाळी धुवा. टाकीत पाणी नसताना आम्हाला चालवू नका. आम्ही बिघडलो असं वाटलं, तर भंगारात टाकण्याआधी ज्याने आम्हाला लावलं त्याला विचारा, आणि त्याला बोलता येत नसेल तर त्याच्या हाताकडे बघा. आणि लावलेल्या दारामागे कोणी अंघोळ करत असेल, तर त्याला कितीही वेळ लागला तरी दार वाजवू नका.